भावासाठी दारू सोडवणाऱ्या ग्रुपची मीटिंग कशी शोधू?

निळीछत्री:
धाकटा भाऊ काल स्वतःहून म्हणाला, "ताई, आता बास. ती मीटिंग कुठे असते बघ." त्याचं मन फिरायच्या आत न्यायचंय. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची (एए) जवळची मीटिंग कशी सापडेल? फी असते का? मी आत बसले तर चालतं?

काठावरचा:
एएच्या वेबसाइटवर याद्या असतात, पण त्या कधीकधी जुन्या असतात. मी बंद दारासमोर उभा राहिलोय! आधी हेल्पलाइनला फोन करून वार, वेळ, जागा पक्की करा. 'ओपन' मीटिंगला तुम्ही बसू शकता; 'क्लोज्ड' फक्त पिणं सोडू पाहणाऱ्यांसाठी. फी नाही. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते, ती तशीच पुढे सरकवली तरी कुणी बघत नाही. आडनाव सांगावं लागत नाही, बोलायची सक्ती नाही. मी सुरुवातीला मागच्या खुर्चीत बसून नुसता पंख्याकडे बघायचो. एक ग्रुप नाही रुचला तर दुसरा बघा, प्रत्येकाचा सूर वेगळा असतो.

रातपाळी:
रोज भरपूर पीत असेल तर आधी डॉक्टर. एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते, भास होतात. जिवावर बेतू शकतं.

काठावरचा:
हे अगदी बरोबर. आणि ताई, घरच्यांसाठी अल-अॅनॉन वेगळं असतं. तो गेला नाही तरी तुम्ही जा.

निळीछत्री:
फोन लागला. उद्या संध्याकाळी ओपन आहे. आज डॉक्टरांकडे नेतेय, गाडीत बसलाय, कुरकुरतोय.