हार्मनी देणारं व्होकल पेडल घ्यायचंय, कोणतं घेऊ?

नमस्कार मंडळी,

आमचा चौघांचा बँड आहे. मी गातो आणि गिटारही वाजवतो. बाकीच्या तिघांना गायला लावलं की भांडणं होतात, म्हणून दुसरा आवाज, म्हणजे हार्मनी, यंत्राकडूनच घ्यायचं ठरलंय: माइक जोडायचा आणि पायाने चालवायचं व्होकल पेडल.

मागच्या कार्यक्रमाला एक जुनं पेडल उसनं आणलं होतं. त्यात पट्टी आधी निवडून ठेवावी लागते. पांढरी दोन मेजर लावली, दोन कडवी झकास गेली. शेवटचं कडवं आम्ही चढवून पांढरी तीनमध्ये घेतो, हे मी साफ विसरलो. मी पांढरी तीन धरली, पेडलने इमानेइतबारे जुन्या पट्टीतली वरची पांढरी पाच दिली, आणि गिटारवर माझ्याच बोटांखाली काळी चार वाजत होती. अर्ध्या सुराचा तो किचाट अख्खं कडवंभर चालला. वाकून बंद करावं तर हात गिटारवर अडकलेले.

शिवाय मी गायचा थांबलो की ड्रमच्या झांजा माइकमध्ये शिरायच्या आणि पेडल त्यांनाही साथ द्यायला जायचं!

आता बॉस कंपनीचं व्हीई-२० की व्हीई-५००, यात अडकलोय. पहिलं सुटसुटीत, दुसऱ्याला गिटार जोडता येते, पण त्यातले मेनू बघूनच धडकी भरते. माइक साधा डायनॅमिक आहे. रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) थोडाच लागतो. पिच करेक्शन (आवाज आपोआप सुरात ओढणं) नको, मींडेच्या पायऱ्या होतात.

प्रतिसाद

तुमची अडचण पट्टीची आहे, त्यामुळे गिटार जोडता येणारंच घ्या. व्हीई-२० मध्ये ती सोय नाही, पट्टी हातानेच लावावी लागेल. गिटार जोडली की पेडल कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) ऐकून हार्मनी ठरवतं, पट्टी बदलली तरी मागोमाग येतं. मात्र गिटार नीट सुरात हवी, आणि कॉर्ड पुरते वाजवायला हवेत. एकेका तारेवर सुटे सूर वाजवलेत तर त्याला अंदाज लागत नाही. मेनूंना घाबरू नका, घरी बसून दोनच सेटिंग साठवा: एक हार्मनीचं, एक विना हार्मनीचं.

झांजांचा दोष पेडलचा नाही. ड्रमर तुमच्या थेट पाठीमागे बसतो का? माइकचं तोंड तुमच्याकडे, म्हणजे त्याच्याकडेही. गाताना तुमचं डोकं आड येतं, बाजूला झालात की वाट मोकळी. त्याला जरा कडेला बसवा, माइक ओठांजवळ ठेवा, आणि ओळ संपली की पायाने हार्मनी बंद करा. पेडलमधला कंप्रेसर कमीच ठेवा. तो बारीक आवाज वर उचलतो, मग झांजाही वाढतात आणि स्पीकर शिट्टी मारतो.

धागाकर्ता

बसतो की, अगदी पाठीमागे! जागा बदलायला तयार होईल का, ते विचारायला हवं. आणखी एक: मिक्सरवर आधीच रिव्हर्ब लावलेला असतो. मग पेडलमधला बंद ठेवू, की मिक्सरवाल्याला त्याचा काढायला सांगू?