आधी गेटवे तपासा
राउटरची वेळ बरोबर होत नाही म्हणता, त्यावर वर दोघांनी एनटीपी सर्व्हरचं (ज्याच्याकडून यंत्र इंटरनेटवरून वेळ घेतं) नाव बदलून पाहायला सांगितलंय आणि एकाने राउटरची आतली बॅटरी बदलायला. बॅटरीचं पटत नाही. घरगुती राउटरमध्ये बहुतेक वेळा घड्याळाची बॅटरीच नसते, वीज गेली की वेळ गेली. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरवर चालणारी प्रणाली तर सुरू होताना /ईटीसी फोल्डरमधल्या सगळ्यात नव्या फाईलची तारीख उचलतं आणि एनटीपीचं उत्तर येईपर्यंत तिच्यावरच चालतं. म्हणून लॉगच्या (यंत्राच्या नोंदींच्या) पहिल्या ओळी जुन्या तारखेच्या दिसतात, तो बिघाड नव्हे.

पण तुमचं यंत्र नुसतं ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे मुख्य राउटरला जोडून फक्त वायफाय पुरवायला लावलंय ना? मग त्याच्या सेटिंगमध्ये लॅनच्या (घरातल्या नेटवर्कच्या) पानावर गेटवे (बाहेर जायचा रस्ता देणाऱ्या यंत्राचा पत्ता) आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) यांच्या चौकटी रिकाम्या आहेत का, ते आधी बघा. फोन, लॅपटॉप व्यवस्थित चालतात, कारण त्यांना गेटवे मुख्य राउटरकडून मिळतो. स्वतः ॲक्सेस पॉइंटला मात्र बाहेरचा रस्ताच ठाऊक नसतो, मग सर्व्हर कुठलाही टाका. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात हेच निघालं. रात्री वायफाय बंद करायचं टायमर भलत्याच वेळी चालायचं. डायग्नोस्टिक्सच्या पानावरून पिंग केलं, म्हणजे बाहेरचा पत्ता उत्तर देतो का ते पाहिलं, तेव्हा 'नेटवर्क अनरीचेबल' (तिथवर रस्ताच नाही) आलं. गेटवे आणि डीएनएस दोन्ही चौकटींत मुख्य राउटरचा पत्ता भरला आणि मिनिटाभरात वेळ बरोबर झाली. मुख्य राउटरवर एनटीपी सर्व्हर चालू करता येत असेल तर त्याहून उत्तम, ॲक्सेस पॉइंटला तोच पत्ता द्या, इंटरनेट बंद असलं तरी घरातली सगळी यंत्रं एका वेळेवर राहतात. टाइमझोन मात्र प्रत्येक यंत्रावर वेगळा निवडावा लागतो, एनटीपीतून फक्त यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ येते. साडेपाच तासांचाच फरक दिसत असेल तर गेटवे सोडा, आधी टाइमझोन बघा.