मदत हवी आहे: दिवाळीच्या तोंडावर स्लॅब आणि पाळणाघर बंद

तळेगावात माझ्या देखरेखीखालच्या बंगल्याचा स्लॅब, १,४०० चौरस फूट, एम२५ (काँक्रीटची प्रत), पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट. दिवाळीच्या पाच दिवस आधी भरायचा. पुढे ढकलायला मालक तयार नाहीत, मजूर छठनंतरच परततील. पाळणाघर आठवडाभर बंद, मूल दोन वर्षांचं, नवऱ्याची शिफ्ट. सळई, कव्हर ब्लॉक (सळईखालचे ठोकळे) तपासायला आणि भरताना मी हजर असेनच.

अडचण नंतरची, रोज साइटवर जाता येणार नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पीपीसीला किमान १० दिवस पाणी हवं. मातीचे बांध घालून वर पाणी टिकतं, पण बीमच्या बाजू कोरड्याच राहतात. तिथे ओलं गोणपाट लागतं. वॉचमनला व्हिडिओ कॉल केला, तर ओल दिसते, पण स्लॅबखालचे टेकू हलवलेत का ते कळत नाही (५ मीटरचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर; त्यामुळे टेकूंना १४ दिवस हात लावायचा नाही).

एवढ्यापुरता रोजावर सुपरवायझर नेमलात, तर पैसे मालकाकडून वेगळे घेता की आपल्या फीमधून देता?