रानातल्या प्राण्यांच्या कवट्या, शिंगं, दात, सवयी: तुम्ही काय पाहिलंय?

मे महिन्यात कोयनेच्या जंगलात कोरड्या ओढ्यात सांबराचं गळलेलं शिंग दिसलं. टोकाकडे बारीक पन्हळी, जोडीजोडीने, कुणी पटाशीने तासल्यासारख्या. मला वाटलं कोणीतरी कोरायला घेऊन टाकून दिलं असणार. बरोबरचे गावातले मामा बघताक्षणी म्हणाले, "साळिंदराचं काम हे." त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला आणि अंगात कॅल्शियम-फॉस्फरस जायला ते हाडं शिंगं कुरतडतं, बिळातसुद्धा ओढून नेतं. शिंग तिथंच ठेवून आलो. 1972 च्या वन्यजीव कायद्याने घरी आणता येत नाहीच, आणि आणूही नये, साळिंदराचा घास आहे तो. तुम्हीही लिहा, लहानसहान असलं तरी चालेल.

---

मी गडचिरोलीकडची. एका माहिती केंद्रात अस्वलाची कवटी बघितली, वरच्या जबड्यात मधोमध दोन दात नव्हतेच. मी म्हटलं म्हातारं असेल, पडले असतील, तर तिथले गार्डदादा म्हणाले मोठ्या अस्वलाला ते नसतातच, त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं. मग लहानपणचं आठवलं, मोहफुलं वेचायला आजीबरोबर पहाटे जायचो तेव्हा झाडीतून फुर्रर्र फुर्रर्र असा आवाज यायचा आणि आजी माझा हात घट्ट धरून, एक शब्द न बोलता मागे फिरायची. तो आवाज कशाचा ते इतक्या वर्षांनी कळलं!

---

आमच्याकडे कोकणात माळ्यावर उदमांजर होतं. रात्री अकरा वाजता घरभर आंबेमोहोर शिजल्याचा वास, आई म्हणायची एवढ्या रात्री भात कोण लावतंय. त्याच्या अंगाचाच तो वास. सकाळी गडग्यावर विष्ठा, त्यात अख्ख्या बिया, त्याच जागी नंतर रोपं उगवलेली.

---

ताई, अस्वलाचं वाचून दातांचाच माझा अनुभव लिहितो. जुन्नर भागात आमच्या उसाच्या कडेला एक कवटी सापडली, खालचा जबडा गायब, सुळे मोठे. सगळी वस्ती म्हणाली बिबट्याच, पोरांनी त्या वाटेने शाळेत जायचं बंद केलं. मी बसून दात मोजले. बिबट्याच्या वरच्या जबड्यात 16 असतात, इथे 20 भरले, तोंडही लांबट. बिबट्याचं तोंड आखूड, दाढा कात्रीसारख्या धारेच्या, चावायला सपाट भाग जवळपास नाहीच. ही कुत्र्याची होती, मागच्या दाढा सपाट. पोरं दुसऱ्या दिवशी परत त्या वाटेने गेली, पण ऊसतोड होईपर्यंत बरोबर मोठं माणूस ठेवलंच.