मदत हवी आहे: विमानतळावर टॅक्सी काउंटरचं टेंडर भरताना हिशोब कसा धरायचा?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ पुण्यात विश्रांतवाडीत राहतो, त्याच्या पाच गाड्या आहेत. लोहगाव विमानतळावरून नाशिक, महाबळेश्वरची भाडी मारतो. आता दोन मित्रांबरोबर एखाद्या विमानतळावर काउंटरचं टेंडर भरायचं म्हणतोय. घरचं सोनं गहाण ठेवायची भाषा चालू आहे, म्हणून जीव घाबरा झालाय.

मला समजलंय ते असं: विमानांच्या लँडिंग शुल्काखेरीज विमानतळ पार्किंग, टॅक्सी, दुकानं, जाहिराती यांतूनही कमावतो. पार्किंग किंवा काउंटर ठेकेदाराला देताना बऱ्याचदा दरमहा किमान हमी रक्कम ठरते, आणि उलाढालीतला ठरावीक टक्काही. दोन्हींत जे जास्त, ते भरायचं. म्हणजे धंदा बसला तरी हमी सुटत नाही. अॅप टॅक्सीवाल्यांकडून बऱ्याच ठिकाणी दर फेरीमागे पैसे घेतात, ते शेवटी प्रवाशाच्या बिलात येतात.

माझी खरी काळजी हमीचीच. धावपट्टीच्या कामासाठी ऑक्टोबर 2021 मध्ये पुण्याचा विमानतळ 14 दिवस बंद होता. अशा वेळी हमीत सूट मिळते का? करारात त्याचं कलम कुठल्या नावाखाली शोधायचं? आणि टक्का मोजताना उलाढाल जीएसटी धरून की वगळून?

कुणी असा ठेका चालवला असेल, किंवा सीए म्हणून हिशोब पाहिला असेल, तर कृपया सविस्तर लिहा. अनामत किती महिन्यांची मागतात, तेही सांगा. भाऊ या आठवड्यात सह्या करायच्या बेतात आहे.