८ हजारांत दुर्बीण, न्यूट्रॉन तारा दिसेल अशी?

मंगळवारपेठ: मुलगी नववीत आहे. न्यूट्रॉन ताऱ्यांचा कसलातरी व्हिडिओ बघितलाय, तेव्हापासनं दुर्बीण पाहिजे म्हणून मागं लागलीय. ८ हजारांच्या वर एक रुपया नाही. कुठली घेऊ?

रंकाळाकाठ: भावा, ८ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या लाकडी बैठकीवरची आरशाची दुर्बीण. डोळे झाकून घे. माझे ४५ हजार गेले, पण शनीची कडी बघायला बसलेली आई खुर्चीवरनं उठंना.

मंगळवारपेठ: बजेट वर लिहिलंय.

गच्चीवरचा: कितीची पण घ्या, न्यूट्रॉन तारा दिसणार नाही. वजन सूर्याच्या दीडपट आणि रुंदी जेमतेम २० किलोमीटर, म्हणजे बिंदू चौक ते पन्हाळा! वृषभ राशीतल्या खेकडा तेजोमेघात एक आहे, सेकंदाला ३० गिरक्या घेतोय. १०५४ साली तारा फुटला त्याचा हा गाभा. तुम्हाला भोवतीचा धुरकट डाग दिसेल, तेवढंच.

तांबडापांढरा: खेकडा म्हटल्यावर मी आलो 😀 पन्हाळ्याला जाणार असला तर झुणका-भाकरी खाऊन या.

गंगावेस: मी प्रदर्शनात साडेसहा हजारांची घेतली. डब्यावर '६७५ पट'. स्टँड असला लटपटतोय की चंद्र धरायला दोघं लागतात. आता माळ्यावर आहे, चिमणीनं घरटं केलंय.

जुनामास्तर: १०×५० बायनॉक्युलर घ्या. अमावस्येच्या आसपास, डिसेंबर-जानेवारीत मसाई पठारावर जा, तो डाग त्यातनंही सापडतो. आणि फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला न्या. रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश आहेत, पल्सारवर, म्हणजे गिरक्या घेत रेडिओ ठोके देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांवर, तिथं काम चालतं. पहिला पल्सार रेडिओ दुर्बिणीनंच सापडला, १९६७ साली. जॉसलिन बेल तेव्हा विद्यार्थिनी होती. दर १.३३ सेकंदाला एक ठोका. १९७४ चं नोबेल मात्र गाईडला. मुलीला हे जरूर सांगा.

रंकाळाकाठ: आमच्या ऑफिसात पण हेच चालतं. तरी डॉब्सोनियनच घ्या.

गुजरीकर: २०१७ साली दोन न्यूट्रॉन तारे धडकलेले पकडले, असल्या धडकेतनं सोनं तयार होतं. गिऱ्हाइकाला सांगितलं, तर म्हणतंय, मग घडणावळ सोडा.

गच्चीवरचा: परत सांगतो, तारा दिसणार नाही.

मंगळवारपेठ: आभारी आहे. बायनॉक्युलर दाखवली, 'ही क्रिकेट बघायची' म्हणाली. शेवटी ७० मिलिमीटरची नळी मागवली, ७,९०० ला. स्टँडला वाळूची पिशवी बांधू. खोडदचं मात्र पक्कं.

गंगावेस: अहो, थांबायचं की! माझी अडीच हजारांत दिली असती. पिल्लं उडाली की लगेच.