देव तोच, भाषा बदलल्या

वस्तीतले लोक बदलले की तिथली प्रार्थनास्थळंही बदलतात, अशी चर्चा इथे चालली आहे. त्यात दिलेलं लंडनच्या ब्रिक लेनचं उदाहरण, म्हणजे एकाच इमारतीत आधी ह्युगेनॉटांचं (फ्रान्समधून आलेल्या प्रोटेस्टंटांचं) चर्च, पुढे ज्यूंचं सिनेगॉग आणि आता मशीद, हे चपखलच आहे. पण त्यावरून 'वस्ती उठली की देवही बदलतो' असा सरसकट नियम काढणं मला पटत नाही. शिकागोतली पिल्सन ही वस्ती आणि तिथली चर्चेस बघा. सेंट प्रोकोपियस चेक लोकांचं (तिथली पॅरिश, म्हणजे चर्चची स्थानिक मंडळी, १८७५ची), सेंट अ‍ॅडलबर्ट पोलिश लोकांचं, प्रॉव्हिडन्स ऑफ गॉड लिथुआनियन लोकांचं. पायी फिरता येईल एवढ्या टापूत हे तिन्ही कॅथलिकच, पण प्रवचनाची भाषा वेगळी म्हणून चर्चही वेगळं! पुढे मेक्सिकन आले आणि याच बाकांवर बसून स्पॅनिशमध्ये मिस्सा (कॅथलिकांची सामूहिक उपासना) ऐकू लागले.

आणखी एक गोष्ट या चर्चेत आली नाही. लोक दरवेळी आपखुशीने हलत नाहीत. १९६०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या कॅम्पससाठी शेजारची वस्ती पाडली, तिथली बरीच मेक्सिकन कुटुंबं पिल्सनमध्ये आली. तिकडे डॅन रायन महामार्ग प्रॉव्हिडन्सला अगदी खेटून गेला आणि लिथुआनियन वस्ती चिरली गेली. याच चर्चला १९७९मध्ये पोप जॉन पॉल दुसरे येऊन गेले, तोवर ते मेक्सिकनांचं झालं होतं. गुड फ्रायडेला अठराव्या रस्त्यावरून रोमन शिपायांच्या वेशातली माणसं आणि खांद्यावर लाकडी क्रूस घेतलेला येशू निघतो, ती प्रथा १९७७पासूनची, म्हणजे पूर्णपणे मेक्सिकनांनी घातलेली. सेंट अ‍ॅडलबर्ट मात्र २०१९मध्ये बंद झालं. दुरुस्तीचा खर्च कुणालाच झेपणारा नव्हता, आणि तोवर भाडी वाढून मेक्सिकनही निघायला लागले होते.